भाच्याच्या अंगावर माझं सामान

माझ्या भाच्याचं जमत आलेलं लग्न मी मोडलं. त्यासाठी कुणाचे कान भरले नाहीत की निनावी पत्र पाठवलं नाही. एक घड्याळ, एक अंगठी, एक चांदीचं कडं, एक गॉगल आणि एक बेल्ट, एवढ्या सामानात काम उरकलं. वर एक खोटं बोललो. सामानाचं आता हसू येतं, खोट्याचं अजून येत नाही.

मला नटायची हौस आहे, हे आधीच सांगून टाकतो. रिसोडला एका शाळेत मी कारकून आहे. शर्ट माझे साधेच असतात, पण त्यावर काय चढवायचं याचा विचार रोज सकाळी अर्धा तास चालतो. बेल्ट तपकिरी असेल तर घड्याळाचा पट्टाही तपकिरी. खिशातल्या पेनाचं टोपण सोनेरी असेल तर अंगठीही तशीच. शाळेतल्या एक बाई विचारतात, "काय भाऊ, आज साहेब येणार आहेत का तपासणीला?" मी ती स्तुतीच धरतो. बायको मात्र म्हणते, "तुमी आरशापासून हटले तर मी वेणी घालीन."

भाचा अगदी उलटा. माझ्या थोरल्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. कामरगावजवळ शेती करतो, वय एकतीस. कपड्यांशिवाय त्याच्या अंगावर काही असेल तर तो करदोडा. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आमच्याकडे किती अवघड झालं आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याला पाच ठिकाणांहून नकार आले होते, तेही त्याचं तोंड न पाहता. सहावं स्थळ मालेगावजवळच्या एका गावचं. त्यांनी स्वतःहून निरोप धाडला, पोरगा कष्टाळू आहे असं ऐकलं, घेऊन या. बहिणीचा मला फोन आला, "तू ये बा. तुले बोलता येते."

तिने मला बोलायला बोलावलं होतं. मी पिशवी भरून गेलो.

सकाळी भाचा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तयार होता. मी पिशवी खाटेवर उपडी केली.

"मामा, हे कायले?"

"अबे, कपडे म्हणजे नुसतं वरण. हे वरून फोडणी."

बहीण आतून ओरडली, "साद्या वरणावर तूप घालून दोन-दोन वाट्या कोन हाणते रे मंग?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. बेल्ट माझ्या पोटाच्या मापाचा, त्यामुळे खिळा तापवून त्याला दोन नवी भोकं पाडली. उरलेलं टोक भाच्याच्या पाठीपर्यंत गेलं. अंगठी तर त्याच्या कुठल्याच बोटात जाईना. कामाने बोटं अशी जाड झालेली की माझी अंगठी पहिल्या पेरावरच अडली. शेवटी साबण लावून करंगळीत ढकलली. गॉगल लावल्यावर तो म्हणाला, "डोळे काहून झाकाचे मामा? मले बी पोरगी पाहाची हाय ना?"

"जीपमधून उतरेपर्यंत लाव. मग शर्टाले अडकव."

"तुमी म्हणता तर लावतो." मामाला नाही म्हणायची त्याला सवयच नाही.

बहिणीने त्याला वरून खाली पाहिलं आणि मला विचारलं, "पोळ्याले टाइम हाय ना रे अजून? बैलावानी सजवलं लेकराले."

आम्ही तिघं जीपने निघालो. शेलूबाजार येईपर्यंत त्याची करंगळी लाल झाली होती. मी म्हणालो, "हात खाली नको सोडू, गुडघ्यावर ठेव. घड्याळ दिसलं पाह्यजे." तो मुलीच्या घरी फोटो काढायला बसल्यासारखा बसला. समोर मुलीचे वडील होते, आई होती आणि वडिलांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या. ही आत्या फार तिखट नजरेची. पोहे देता देता तिने त्याचा बेल्टसुद्धा मोजला असावा.

मुलगी चहा घेऊन आली आणि समोरच बसली. बी. ए. झालेली, वडिलांबरोबर शेतात जाणारी. लाजणं वगैरे नाही. तिने सरळ विचारलं, "सोयाबीनवर फवारणी तुमी स्वतः करता का माणूस लावता?"

"मीच करतो," भाचा म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा झाला.

आत्या हसली. "अंगठी अन् कडं घालूनच फवारता का, पाहुणे?"

सगळे हसले. भाचाही हसला आणि म्हणाला, "नाई हो, हे तं..."

तो खरं सांगणार होता. त्याने सांगितलं असतं तर अजून एकदा हशा पिकला असता, माझी थोडी फजिती झाली असती, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण मामाने भाच्याला उसनं सामान घालून आणलं, हे त्या आत्याला कळणार, या धास्तीने मी मध्ये पडलो.

"त्याले लहानपनापासून शौकच हाय! घड्याळाबिगर घराबाहेर पाय नाई ठेवत."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पोहे खाऊ लागला. मुलीने पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, मैदान मारलं.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा बहिणीला फोन आला. मी सुट्टी काढून अजून तिथेच होतो. "पोरगा चांगला हाय, पन शौकीन निंगाला. थोरल्या पोरीले असाच नवरा भेटला. तो गॉगल लावून दिवसभर पानठेल्यावर उभा राह्यते अन् शेत ते एकटी पाह्यते. लहानी म्हणते, मले तसा नाई पाह्यजे."

बहिणीला कळेना. "माहं लेकरू शौकीन? कोनं सांगतलं त्याईले?" बोलणी चालू असताना ती मुलीच्या आईबरोबर आत स्वयंपाकघरात गेली होती, त्यामुळे माझा पराक्रम तिने ऐकला नव्हता. मी म्हणालो, "जाऊ दे, त्याईलेच गरज नाई. दुसरं पाहू." हे दुसरं खोटं. भाचा दारातच उभा होता. त्याने आईला एका शब्दाने सांगितलं नाही.

माझं सामान त्याने एकेक करून कागदात गुंडाळून पिशवीत भरलं होतं. पिशवी हातात देताना एवढंच म्हणाला, "मामा, पोरगी चांगली होती. तिनं फवारणीचं इचारलं. आतापर्यंत कोनी मले माह्या कामाचं इचारलंच नव्हतं."

मग तो पाठीला पंप लावून शेतात गेला.

रिसोडला आल्यावर पंधरा दिवस मी घड्याळ बांधलं नाही. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "भाऊ, बरं नाही का?" मी काहीतरी उत्तर दिलं. शेवटी एका संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल असू द्या, तुमचा हेतू वाईट नव्हता. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मले सांगून काय होते? जिथं बोलले तिथं जाऊन सांगा."

"ते हसतीन मले."

"हसू द्या ना. तुमाले हसतीन, पोराले तं नाई हसनार."

रविवारी एकटाच एसटीने मालेगावला गेलो, पुढे ऑटोने त्या गावी. गाडीत चांगली वाक्यं जुळवली होती. दारात नेमकी आत्याच उभी.

"अरे बाप्पा, मामा! आज काहून मोकळेच? गॉगल भाच्याजवळ राह्यला का?"

मुलीच्या वडिलांनी खुर्ची दिली. मुलगी उंबऱ्याशी भाजी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा भाजीत लक्ष घातलं. पाणी आलं, ते प्यायलो. जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो होतो. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

"भाऊ, गॉगल बी माहाच होता," मी म्हणालो. "घड्याळ माहं, अंगठी माही, अंगावरचं सारं माहं. पोरगा खरं सांगत होता, मीच त्याले बोलू नाई देल्लं. माही फजिती होईन म्हणून. त्याले कशाचाच शौक नाई, तो निरा कामाचा हाय. तुमी आता हो म्हना का नाई म्हना, ते तुमच्यावर. पन त्या दिवशी तुमी मले पाहून नाई म्हटलं, त्याले तुमी पाह्यलंच नाई." मग मी उंबऱ्याकडे वळलो. "अन् पोरी, तू त्याले सरळ इचारलं होतं. मधात पडून तुले खोटं मी सांगतलं. माहं चुकलं. मले माफ कर."