चूक कुठं सुरू झाली

दादा गेला तो मंगळवार होता. कुपवाडच्या कारखान्यात, सकाळच्या पाळीत, तो लेथजवळ पडला. माझ्या मुलीच्या, रेवाच्या, दहावीच्या परीक्षेला एकोणीस दिवस होते.

माझा हा थोरला भाऊ टर्नर होता, लेथवर लोखंडी सुटे भाग कातायचा; त्या भागाला तो ‘जॉब’ म्हणायचा. जाडी मोजायचा व्हर्नियर कायम त्याच्या वरच्या खिशात. हाताला लागेल ती वस्तू मोजायचा, ताटातली भाकरीसुद्धा. “लय जाड झाली गं. जॉब रिजेक्ट,” म्हणायचा आणि तीन खायचा.

नववीच्या सहामाहीला रेवा गणितात नापास झाली. सांगलीतली तिची शाळा खासगी, नावाजलेली. तिथे निकाल शंभर टक्के लागतो. कसा, ते मला तेव्हा कळले. मुख्याध्यापिकांनी एक अर्ज पुढे सरकवला. नववीनंतर दाखला काढून न्या आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. मी ग्रंथालयात नोकरी करते, जन्मभर पुस्तके वाचत आले. मी मान खाली घालून सही केली. वर आभारही मानले.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन शाळेत गेला, ऑइलचे डाग पडलेल्या कपड्यांतच.

“आवं मॅडम, जॉब बिघडला तर आमी आधी मोजतो. चूक कुठं सुरू झाली, तुमी बगितलं का?”

“एका वर्गात साठ मुलं असतात हो.”

“हजेरी घेताना तर एकेकाचं नाव घेता न्हवं? पोरीला काढायचं आसंल तर तसं लिवून द्या.”

लिहून द्यायला त्या तयार नव्हत्या. दादाने टेबलावरचा, माझ्या सहीचा अर्ज उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “मग पोरगी हितंच बसंल.”

रोज पाळी सुटली की तो आमच्याकडे यायचा. नवे गणित एकही देत नसे. रेवाच्या जुन्या वह्या चाळत मागे मागे गेला. आठवी, सातवी, सहावी. सहावीत सापडले. त्याच वर्षी आम्ही तिला वडूजच्या मराठी शाळेतून इथे आणले होते. अपूर्णांक इंग्रजीतून शिकवले, तेव्हा तिला शब्दच कळले नव्हते. पुढची तीन वर्षे तिच्या वह्यांवर लाल पेनाने ‘केअरलेस’ लिहिणाऱ्या एकाही शिक्षकाला ते दिसले नाही. मलाही नाही, आणि मी तर घरातच होते.

“तू ढ न्हाईस,” दादा तिला म्हणाला. “व्हर्नियरचा हलतो तसा तुजा झिरो हललाय. तवापासनं समदी मापं चुकत्यात.” मग व्हर्नियर तिच्या हातात देऊन त्याने अपूर्णांकांपासून सुरुवात केली.

दहावीला रेवाला गणितात चौसष्ट मिळाले. फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागला. मुख्याध्यापिका पेढा पुढे करत म्हणाल्या, “बघा, आमच्या शिस्तीचा फायदा झाला ना?”

मी पेढा घेतला नाही. तेवढेच जमले. दादा असता तर म्हणाला असता, लिवून द्या.

व्हर्नियर रेवाकडे आहे. कारखान्यातल्या दादाच्या कपाटात तो अर्ज निघाला, तो माझ्याकडे आहे. त्याच्याखाली माझी सही आहे.