बुधवारी घरी येणारी पोरं

भूम-पुणे गाडीचे कंडक्टर मामा तिकिटाआधी वार विचारायचे. वार त्यांना ठाऊक असायचाच. पण पाठीवर सॅक लावलेलं कॉलेजचं पोरगं गाडीत चढलं, की तिकिटाचं मशीन तसंच हातात धरून म्हणायचे, "आज वार कोणता हाय रे?" पोरगं पुटपुटायचं, "बुधवार." "मग तू इथं काय करायलास?" गाडी हसायची आणि पोरगं खिडकीबाहेर बघत बसायचं.

यात थट्टा होती, पण थट्टेपुरतं नव्हतं ते. एमबीए कुठं करावं हे सांगणारं आमच्या तालुक्यात होतं कोण? फुकट बॅगा वाटणारे एजंट तेवढे यायचे. मामा स्वतः दहावी. पण इतकी वर्षं त्याच गाडीवर. भूमच्या आयांनी दिलेले डबे स्वारगेटला पोरांच्या हातात द्यायचे, त्यामुळं कुणाचं पोर कुठल्या कॉलेजात हे त्यांना तोंडपाठ. त्यांची पारख एकच होती: भर आठवड्यात ज्या कॉलेजची पोरं घरी येतात, तिथं शिकवायला कुणी नाही. "बिल्डिंग बघू नका," म्हणायचे, "पोरं कवा घरी येत्यात ते बघा."

माझ्या वेळी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धाराशिवच्या शैक्षणिक मेळाव्यातून एक गुळगुळीत माहितीपुस्तक आणलं होतं. मुखपृष्ठावर काचेची इमारत आणि कोट घातलेल्या मुली. अप्पांनी ते किराणा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवून येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलं. मामांनी दोन पानं उलटली आणि परत दिलं. "अप्पा, ह्या कॉलेजची पोरं बुधवारी लई असत्यात माझ्या गाडीला."

"अहो, एसी वर्ग आहेत तिथं!"

"असतील की. बसायला कोण हाय?"

अप्पा दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी ऑनलाइन अर्जात त्या कॉलेजचं नाव खाली गेलं आणि मामांनी सांगितलेलं वर आलं. तिथली इमारत जुनी, पंखे खडखडणारे, आणि शिकवणं असं की मी दिवाळीलासुद्धा चारच दिवस घरी आले. पहिल्या वर्षी मामांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आज माझी जी काही नोकरी आहे ती त्या माणसामुळं आहे, हे मी कुणापुढंही कबूल करीन. त्यांच्यापुढं मात्र ते कधी बोलता आलं नाही, आणि आता तर तोंडच राहिलं नाही.

मामांच्या घरी दोघंच, ते आणि त्यांची लेक ज्योती. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, हुशार, गणितात माझ्या दुप्पट. तिचा एमबीएचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागले होते. स्वारगेटला मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि पसंतीक्रमाचा कागद दाखवला. एक नंबरला हायवेलगतचं एक कॉलेज होतं. त्याच्या फाटकासमोरून त्यांची गाडी जायची.

"हितली पोरं आसपासच्या गावांतली. माझ्या गाडीला येत न्हाईत," ते म्हणाले. "म्हणून तुला विचारतो. कसं हाय?"

मला ठाऊक होतं कसं आहे. तिथली मुलं आमच्या ऑफिसात मुलाखतीला यायची आणि कोण काय शिकवायचं हेसुद्धा त्यांना धड सांगता यायचं नाही. अर्ज भरायला अजून एक दिवस होता. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, हेही मला माहीत होतं.

"डबा रोज हातानं देता येईल," मामा म्हणाले. कागदाची घडी ते अंगठ्यानं सारखी नीट करत होते. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चांगलं आहे, मामा," मी म्हणाले.

का म्हणाले? जीभ रेटली नाही, दुसरं काय. अख्ख्या तालुक्याला खरं सांगणाऱ्या माणसाला खरं सांगायची वेळ एकदाच आली, आणि मी भित्री निघाले.

चार महिन्यांनी एका बुधवारी चुलत बहिणीच्या लग्नासाठी रजा काढून मी भूमला निघाले होते. त्या कॉलेजच्या फाटकाशी कुणीतरी हात केला. मामांनी बेल दिली, गाडी थांबली, आणि ज्योती चढली. पाठीवर सॅक, हातात सकाळी त्यांनीच दिलेला डबा. ती पायरीवरच थबकली.

मामांनी वार विचारला नाही. तिनंच सांगितलं.

"सर सोडून गेलेत, बाबा. दोन महिने झाले. कुणी येतच नाही शिकवायला. आज हॉस्टेल पण रिकामं झालं."

"मग सकाळी डब्याला येत व्हतीस ती?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मामांनी तिचं अर्धं तिकीट काढलं, तिच्या हातात दिलं आणि तसेच उभे राहिले. गाडी जागेवरच. पुढून ड्रायव्हर ओरडला, "मामा, डबल बेल द्या की!" त्यांना ऐकूच गेलं नाही. माझ्या सीटपाशी येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "तुला ठावं व्हतं का गं?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग जाऊन त्यांनी दोरी दोनदा ओढली.

ज्योतीला पदवी मिळाली. भूमला एका मोबाइलच्या दुकानात ती रिचार्ज करून देते आणि मला अजून ताई म्हणते. मामांनी पुण्याची गाडी सोडून बार्शीची घेतली. कॉलेजचं विचारायला कुणी आलं, की म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं?"

गेल्या महिन्यात भर आठवड्यात गावी गेले होते. बार्शीहून त्यांचीच गाडी मिळाली. सॅक पाठीवर घेऊन चढले आणि वाट बघत उभी राहिले. मामांनी मशीन पुढं केलं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"भूम," मी म्हणाले. त्यांनी तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडं वळले.