कच्चं खत आणि माझं हिंदी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात अबू धाबीबाहेर, हायवेच्या कडेला वाळूत झाडं लावायच्या कामावर मी सुपरवायझर होतो. झाडं घाफची — म्हणजे आपली शमीच. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून भाजी मार्केटचा पाला, खजुराच्या झावळ्या, बकऱ्यांच्या लेंड्या असं सगळं कुजवून आम्ही खत करायचो. तो ढीग शेरखान सांभाळायचा. पेशावरकडचा, माझ्याहून बराच मोठा. पहिल्याच दिवशी मी त्याला माझ्या कोल्हापुरी हिंदीत फर्मावलं, ‘हर पेड को खत डालो.’ त्याच्या भाषेत खत म्हणजे पत्र! ‘साब, पता क्या लिखूँ?’ त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, आणि साइटभर माझं हसं झालं. मीही हसलो. त्या हसण्याचा मी पुढे असा उपयोग करीन, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

मोठे साहेब पाहणीला यायचे होते. त्याआधी मला रोपं हिरवीगार हवी होती. शेरखाननं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. ‘साब, अभी गरम है. जड़ जल जाएगी.’ मला काय कळत नव्हतं? शेतकीची डिग्री होती माझ्याकडे. ‘यल्ला, डालो,’ म्हणालो — यल्ला म्हणजे तिथल्या अरबीत ‘चल, आटप’.

साहेब आले तोवर अख्खी रांग करपली होती. कुणी घालायला सांगितलं, त्यांनी विचारलं. आणि मी — हसत हसत, बरं का — म्हणालो, मी थांब म्हटलं होतं, पण याला माझं हिंदी कुठं कळतं! सगळे हसले. शेरखान तिथंच उभा होता. त्याला तिथून काढून फरशा बसवायच्या कामावर धाडलं. झाडांवर जीव होता हो त्याचा. मला लाज वाटते, अजून वाटते.

जाताना उरलेला ढीग त्यानं ओल्या गोणपाटानं झाकला. चार महिने हात लावू नका, एवढंच मला बजावलं. मी लावला नाही. मग तेच खत नव्या रोपांना घातलं.

यंदा त्या रस्त्यानं गेलो, तर चांगली सावली पडलेली, शेंगा लोंबतायत. बरं वाटलं — खोटं कशाला बोलू? आता ढिगात हात घातल्याशिवाय मी खत वापरत नाही. नव्या माणसांनाही तेच शिकवतो, आणि ही शेरखानची पद्धत, असं नाव घेऊन सांगतो.

एक तेवढं सांगत नाही. त्याला माझं हिंदी कळलं होतं. शब्दन् शब्द कळलं होतं.