पाचव्या ओळीतलं नाव

बालाघाटात कुणालाही सरकारच्या नावानं बोंब मारायची असली, तर आधी गुणाकरबाबूंच्या ओसरीवर जावं लागे. बोंब मारायला परवानगी लागते, आणि परवानगीचा अर्ज त्यांच्याइतका सुबक अख्ख्या जिल्ह्यात कुणी लिहीत नसे. लाल झेंडेवाले, भगवे झेंडेवाले आणि झेंडा शिवायलाही कापड नसलेले, सगळे एकाच चटईवर बसून आपापल्या पाळीची वाट बघत. मोर्चा कुणाचा आणि कशासाठी, हे गुणाकरबाबू विचारत नसत. किती वाजता, कुठून, कुठवर आणि घोषणा किती मोठ्यानं, एवढंच विचारत. शेवटच्या प्रश्नावर मंडळी एकमेकांकडे बघू लागली, की ते स्वतःच लिहून टाकत, ‘ध्वनि मध्यम’.

कलेक्टर कचेरीत ते तीस वर्षं आवक-जावक बाबू होते. छप्पन साली आमची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली, तेव्हा त्यांच्या दोन्ही धाकट्या भावांनी बदली मागून नागपूर गाठलं. हे मात्र इथेच राहिले. कारण विचारलं तर सांगत, आवक रजिस्टर अर्धंच भरलं होतं, ते टाकून कसं जायचं? अलकनंदावहिनी आतून म्हणत, “अजून भरायचंच आहे.”

पेन्शनीत गेल्यावर त्यांनी कचेरी ओसरीवर मांडली. निळी-काळी शाई, लाकडी पट्टी, टाचण्यांची डबी आणि कार्बन. कार्बनशिवाय त्यांचा हात चालत नसे. दूधवाल्याला ‘उद्या अर्धा शेर जास्त’ अशी चिठ्ठी द्यायची, तरी तिचीही एक प्रत पेटीत पडायची. वहिनी म्हणत, लग्नात माळ घालतानाही ह्यांनी खाली कार्बन आहे का ते बघितलं असेल.

स्वतः ते आयुष्यात कुठल्या मोर्चात चालले नव्हते. मोर्चाच्या दिवशी घड्याळ घेऊन दारात उभे राहत. अकराचा मोर्चा साडेअकराला निघाला, की त्यांचा जीव कासावीस होई. “अर्जात अकरा लिहिलंय हो,” असं ते झेंडा धरणाऱ्याला सांगत. त्यांचा विश्वास असा, की पोलीस वाईट नसतात; त्यांना फक्त आधी सांगावं लागतं. आपण कागद दिला, त्यांनी घेतला, की दोघेही त्या कागदानं बांधले गेले. हे ते मला पंधरा वर्षं समजावत होते आणि मी पंधरा वर्षं हसत होतो.

अर्जाच्या शेवटी ते पट्टीनं एक तक्ता आखत. जबाबदार व्यक्तींचा. पाच ओळी: नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा, पत्ता. पाचच का, असा नियम कुठेही नव्हता. कागदावर पाच ओळी छान बसत, एवढंच. आणि पत्ता असा, की हवालदाराला उन्हात वणवण करायला नको.

चौऱ्याहत्तर साली रेशनच्या दुकानातला तांदूळ संपला. ज्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे धानच धान, तिथे माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन परत येत होती. मोर्चा ठरला. एक मास्तर, एक वकिलाचा कारकून आणि मिल कामगारांच्या युनियनचे दोघे, अशी चार नावं आली. पाचवी ओळ रिकामी राहिली. रिकामी ओळ म्हणजे गुणाकरबाबूंना दात पडलेल्या तोंडासारखी वाटे. तेवढ्यात प्रेमलाल वहिनींच्या गाईसाठी कोंड्याचं पोतं घेऊन आला. हा राईस मिलमधला हमाल, माणिकच्या पानठेल्यामागे राहणारा. पोतं पाठीवरून उतरायच्या आत बाबूंनी त्याला विचारलं, तुझं नाव टाकू का?

“टाका ना बाबूजी,” प्रेमलाल म्हणाला. “माह्या नावाले काय होते?”

म्हणून पाचव्या ओळीत आलं: प्रेमलाल वल्द पुनाराम, वय चौतीस, हमाल, माणिक पानठेल्याच्या मागे, तिसरं दार, निळं, कडी वरच्या बाजूस. मोर्चाच्या दिवशी प्रेमलाल मिलमध्ये पोती उचलत होता. त्या मोर्चात तो एक पाऊलही चालला नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली. जिल्ह्याजिल्ह्यात माणसं उचलायची होती आणि त्यासाठी याद्या हव्या होत्या. आमच्याकडे याद्या तयारच होत्या, टाचण्या लावून, सुवाच्य अक्षरात, पत्त्यांसकट. मास्तर कटंगीला सासुरवाडीला गेला आणि तिथून तुमसरच्या बसमध्ये बसून नाहीसा झाला. कारकुनाची वरपर्यंत ओळख निघाली. युनियनचे दोघे लामत्याकडच्या जंगलात गेले. प्रेमलाल घरीच होता, कारण आपण पुढारी आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोलिसांनी त्याला नेलं त्या सकाळी मी आणि गुणाकरबाबू ठेल्यावर होतो. माणिक पानं पुसत सांगत होता, की ती माणसं आली, पण त्यांनी पत्ताही विचारला नाही. सरळ मागे गेली, तिसरं दार गाठलं आणि वरची कडी वाजवली.

“वरची?” बाबूंनी विचारलं.

“हौ बाबूजी, वरची.”

ते पान न घेताच घरी गेले. संध्याकाळी मी डोकावलो, तर समोर कार्बनची प्रत पसरलेली आणि बोट पाचव्या ओळीवर.

त्यानंतर त्यांनी अर्ज लिहायला सुरुवात केली. ठाण्याला, कलेक्टरला, भोपाळला, दिल्लीला. सदर इसम मोर्चात नव्हता, त्याचं नाव केवळ अर्जलेखकाच्या हट्टानं घातलं गेलं, तरी शिक्षा द्यायचीच तर ती अर्जलेखकास द्यावी. प्रत्येक अर्जाची पोच ते शिक्क्यासह घेत. पोच मिळे. उत्तर मिळत नसे. प्रेमलालला दूरच्या कुठल्यातरी तुरुंगात नेलं होतं. त्याची बायको सत्यभामा विड्या वळून घर चालवी आणि दर सोमवारी ओसरीवर येई. बाबू तिला नवा अर्ज वाचून दाखवत. ती शेवटपर्यंत ऐके.

“लिहिलं चांगलं बाबूजी,” एकदा ती म्हणाली. “पन थो काही आला नाही.”

मग एक दिवस चौसष्ट वर्षांच्या गुणाकरबाबूंनी ठरवलं, की ठाण्यासमोर धरणं धरायचं. आणि रीतसर परवानगीचा अर्ज दिला! ठाण्यातला मुन्शी त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्यानं हात जोडून सांगितलं, की सध्या सगळ्यालाच बंदी आहे. म्हातारा हलेना, तेव्हा त्यानं आपला एक बहाणा काढला: “और बाबूजी, पाँच नाम कहाँ हैं? आप तो हमेशा पाँच देते हो।”

दुसरा कुणी असता तर समजून घरी गेला असता. गुणाकरबाबूंना ती त्रुटी वाटली, आणि त्रुटी त्यांनी जन्मात ठेवली नव्हती. आठ दिवस ते चार नावं शोधत फिरले. ज्यांनी त्यांच्या चटईवर बसून चहा ढोसला होता, ते सगळे लग्नाला, तीर्थाला किंवा संडासात गेलेले होते. ते माझ्याकडेही आले. मी सरकारी शाळेत मास्तर, घरात लग्नाच्या दोन मुली. मी म्हणालो, “बाबूजी, माझ्यासारख्या गबाळ्याच्या नावानं तुमचा तक्ता बिघडेल.”

ते हसले. म्हणाले, हो, तेही खरंच. आणि चप्पल घालून निघून गेले. तो विनोद मी नंतर कुणाला सांगितलेला नाही.

सोमवारी सत्यभामा आली. तक्त्यात वरच्या ओळीत एकटं बाबूंचं नाव होतं.

“माह्यं नाव लिहा,” ती म्हणाली.

बाबूंनी पेनाला टोपण लावलं. “नाही.”

“काहून? मी काय मानूस नाही?”

“तुझा पत्ता तोच आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यासमोरच्या झाडाखाली जाऊन बसले. हातात कागद नव्हता आणि खिशाला पेनही नव्हतं. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली विनापरवाना गोष्ट. पोलिसांनी त्यांना अटकही केली नाही. हवालदारानं चहा पाजला, सायकलरिक्षात बसवलं आणि घरी पाठवलं. ते पुन्हा झाडाखाली येऊन बसले. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला, सिंचन खात्यातल्या प्रभाकरला, नोकरीची आठवण करून देण्यात आली आणि वडील घराबाहेर पडणार नाहीत असं हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेतलं. मुन्शीनं त्यात दोन चुका केल्या होत्या. गुणाकरबाबूंनी त्या बघितल्या आणि तशाच राहू दिल्या. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये प्रेमलाल सुटला. गेला होता तो पोतं उचलणारा, आला तो तांब्या उचलतानाही खोकणारा. मिलमध्ये त्याच्या जागी दुसरा हमाल लागला होता. प्रेमलाल माणिकच्या ठेल्यावर बसून सुपारी कातरू लागला. गुणाकरबाबू महिनाभर ठेला चुकवून लांबच्या रस्त्यानं जात राहिले. मग एका दुपारी अंगात कोट घालून माझ्याकडे आले आणि म्हणाले, सोबत चला.

निळ्या दाराचा रंग उडाला होता. प्रेमलाल खाटेवर बसला होता. चुलीवर भात शिजत होता आणि सत्यभामा विड्या वळत होती. तिनं मान वर केली नाही. बाबूंनी खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला.

“हे काय आहे बाबूजी?”

“अर्ज आहे. मी तुला लिहिलेला. माफीचा.”

“मले कुठं वाचता येते? तुमीच वाचा.”

बाबूंनी चष्मा लावला आणि कागद उघडला. तीस वर्षं साहेबांसमोर खणखणीत आवाजात टपाल वाचणारा तो माणूस नुसताच उभा राहिला. प्रेमलालनं खोकला ओसरू दिला. मग विचारलं, “याच्यात माह्यं नाव आहे?”

“आहे.”

“बापाचं?”

“आहे.”

“घराचा पत्ता?”

बाबूंनी मान हलवली.

“मंग फाडून टाका.”

गुणाकरबाबूंनी जन्मात कागद फाडला नव्हता. त्यांनी तो आधी घडीवर फाडला, मग पुन्हा घडी घालून फाडला, आणि तुकडे मुठीत धरून ठेवले. प्रेमलाल त्यांच्याकडे बघत होता.

“आन् दुसरी?” तो म्हणाला.

बाबूंनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्बनची प्रत काढली. ती त्यांच्यानं फाडवेना. त्यांनी ती प्रेमलालच्या हातात दिली. प्रेमलालनं कागद उलटसुलट करून बघितला, आपलं नाव नेमकं कुठे असेल ते शोधत. ते काही त्याला सापडलं नाही. मग तो वाकला आणि त्यानं तो भाताखालच्या जाळात सारला.