जिलबीचं डालं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी होळीच्या दुपारी, मलकापुरातल्या एका जिनाच्या काट्यावर, जमलेल्या सगळ्यांसमोर मी माझ्या वजनाबद्दल खोटं बोललो. ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि माझ्या वजनाबद्दल तिला ठाऊक नाही असं दुसरं काही उरलेलं नाही.

हसलात? हसा. मीही पुष्कळदा हसलो आहे. गोष्ट हसण्यासारखीच आहे. निदान निम्मी तरी.

मी तेव्हा जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, काट्यावर होतो. कापसाची गाडी आली की पारडी डोलायची, एक गडी वजनं टाकायचा आणि मी खुर्चीत बसून आकडा पुकारायचो. दिवसभर कापसाचे डोंगर माझ्यासमोरून जात आणि मी उचलत असे ती चहाची बशी. शिवाय बुलढाण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला मलकापूरच्या बातम्या पाठवत असे. तेही काम बसूनच. त्यावरून जिनात माझं नाव पडलं होतं पेपरवाले भाऊ.

जिनात कुणी बसायचं आणि कुणी वाहायचं हे ठरलेलं होतं. लेखणीचे पुरुष बसत — मी, दिवाणजी, मालक. हमाल रुईच्या गाठी वाहत. बायांमध्ये दोन भाग होते. काही जणी वेचणीला बसत, म्हणजे कापसातली किडकी, डागी बोंडं निवडत. बाकीच्या यंत्राखालून निघालेली सरकी डाल्यांत भरून डोक्यावरून गोदामात नेत. आता बसणं आणि बसणं यांतही फरक असतो, हे मला तेव्हा दिसत होतं का? दिसत होतं. मी बसलो की भजी जागेवर येत आणि घरी गेलो की ताट समोर येई. वेचणीला बसलेली बाई उठून घरी जाई ती पाणी भरायला, जात्यावर बसायला, चूल फुंकायला. दिसत होतं — पण ती काही बातमी नव्हती.

या जिनात एक रीत होती. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की सगळ्यांनी एकेक करून पारड्यात बसायचं. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी. वजन गेरूनं खोलीच्या भिंतीवर लिहायचं. हंगाम सरत आला की होळीला पुन्हा बसायचं. हंगामात ज्याचं वजन सगळ्यांत जास्त वाढलं, त्यानं हलवायाच्या दुकानातून जिलबीचं डालं डोक्यावर घेऊन भर बाजारातून जिनापर्यंत चालत यायचं. मागे डफडं. जिलबी मालकांची, डोकं ज्याचं त्याचं. दर वर्षी हा मान दिवाणजींचा असे. ते डालं घेऊन निघाले की दुकानदार गादीवरून उठून उभे राहत आणि एखादा हटकून विचारी, "काऊन दिवाणजी, पोरीचं लगन हाय का?"

त्या वर्षी मात्र दिवाणजींना थंडीत विषमज्वर झाला आणि त्यांचा कोट त्यांच्याच अंगावर दुसऱ्याचा वाटू लागला. मग डालं कुणाकडे जाणार? सदऱ्याच्या बटणांनी मला आधीच कळवलं होतं. तरीही होळीच्या दिवशी पहाटे, आवारात कुणी नसताना, मी काट्यावर बसून खात्री करून घेतली. खात्री झाली.

त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. आणलं असतं डालं, हसले असते लोक! पण महिनाभर आधीच मी साप्ताहिकात एक लेख लिहिला होता. विषय — बैठ्या कामाचे तोटे. कारकून, मास्तर, दुकानदार यांची पोटं कशी सुटत चालली आहेत, त्यांनी पहाटे उठून सूर्यनमस्कार कसे घालावेत, हे मी त्यात ठासून सांगितलं होतं. 'प्रस्तुत लेखकाचा हा नित्यक्रम आहे' असं एक वाक्यही होतं. प्रस्तुत लेखक त्या वेळी पांघरुणात असे. लेख गावात पुष्कळांनी वाचला. हेडमास्तरांनी तो शाळेत वाचून दाखवला. तो लेखक डोक्यावर जिलबीचं डालं घेऊन, मागे डफडं वाजत, त्याच शाळेवरून जाणार —

मी वाट काढली. ती वाट त्याच वर्षी निघू शकत होती. दसऱ्याला भिंतीवर लिहिलेली वजनं मण-शेरांत होती. दिवाळीनंतर सरकारी माणूस आला आणि जुनी वजनं घेऊन गेला. त्यांच्या जागी किलोची नवी वजनं आली. दसऱ्याचा आकडा मण-शेरांचा, होळीचा किलोचा. त्यांची तुलना करायची तर आधी हिशेब हवा, आणि तो करता येणारा माणूस जिनात एकच होता. दिवाणजींनी जाहीर केलं होतं की ते मण-शेरातच जन्मले आणि मण-शेरातच मरतील. बाकीच्यांना नव्या वजनांचा राग तरी होता, नाहीतर भीती.

मी सगळ्यांचे आकडे बरोबर केले. एकही चुकवला नाही. फक्त माझं दसऱ्याचं वजन किलोत सांगताना चांगलं भरभक्कम सांगितलं. त्यापुढे होळीचं वजन उलट थोडं कमीच दिसलं. "पाहा," मालक म्हणाले, "नमस्काराचा गुण." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि मग डालं गेलं सुभद्राबाईकडे.

सुभद्राबाई सरकी वाहणाऱ्यांतली. त्याआधीची कितीतरी वर्षं ती वेचणीला बसत होती, तेव्हा ती काडीसारखी होती. त्या हंगामात बरेच हमाल धरणाच्या कामावर गेले, माणसं कमी पडली आणि तिला सरकीवर घेतलं. भरली डाली उचलून उचलून तिचे दंड, खांदे, मान — सगळं भरलं. भूक वाढली, भाकरी वाढली. तिचं वजन खरंच वाढलं होतं. माझ्याइतकं नाही, पण माझं तर कमी झालं होतं! ते बाजूला झाल्यावर सगळ्यांत वर तिचा आकडा आला.

काट्याला एवढंच कळतं, की किती. कशाचं, ते त्याला कळत नाही. मला कळत होतं.

डाल्याची गंमत सांगतो, कारण ती खरी झाली. दिवाणजी डालं घेऊन येत तेव्हा वाटेत चार वेळा टेकत, आणि लोक त्याचीच तर वाट पाहत. सुभद्राबाईनं पदर खोचला, चुंबळ ठेवली, डालं डोक्यावर घेतलं आणि ती निघाली ती सरकीच्या चालीनं. डफडंवाला मागे पडला. "बाई, थांब व जराशी! म्या वाजवू का पळू?" असं तो ओरडत होता. ती डालं न धरताच मागे वळून म्हणाली, "तू बी ये बस डाल्यात. तुलेही नेतो." सबंध बाजार हसला. पेपरवाले भाऊही हसले आणि त्यांनी जिलबी खाल्ली. चांगली झाली होती.

इथवर गोष्ट हसण्यासारखी आहे.

जिलबीनंतर मालक पुढच्या हंगामाची मुकादमीण सांगत. कोणत्या बाईनं वेचणीला बसायचं आणि कुणी सरकी वाहायची, हे मुकादमीण ठरवी. त्या वर्षी सुभद्राबाईच होणार हे सगळे धरून चालले होते. तिला ते का हवं होतं हेही सगळ्यांना माहीत होतं. कारण ती ते रोज बोले. "मले होऊ तं द्या. जिचं लेकरू अंगावर पेते, तिले मी सरकीवर धाडनारच नाई." तिचं स्वतःचं पहिलं मूल, वेचणीला बसायच्या फार आधी, ती ओझी वाहत असताना गेलं, असं बाया सांगत. ती स्वतः हे कधी बोलली नाही.

मालकांनी भिंतीकडे पाहिलं आणि वजन घटलेल्या चंद्रभागेचं नाव सांगितलं. म्हणाले, "हंगामात बाई वाळते. जी फुगते, तिनं काम केलं नाही."

कमाल पाहा — त्याच मालकांचं पोट दर हंगामात वाढे आणि तेव्हा सगळे जिनाची बरकत आहे असं म्हणत. पुरुष वाढला तर भरभराट. बाई वाढली तर कामचोर.

सुभद्राबाई आधी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग दंड पुढे करून म्हणाली, "मालक, हे बसून आलं का? हात लावून पाहा ना, दगड हाय दगड!" बाया खिदळल्या. मालक अवघडून दुसरीकडे पाहू लागले. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी तं समजता ना हे सारं. तुमी लिहता. सांगा ना मालकाईले."

मला काय बोलायचं होतं? एक वाक्य. डालं माझं आहे. तेवढ्यानं तिचा आकडा दुसरा झाला असता, आणि दुसऱ्याकडे त्या जिनात कुणी कधी पाहिलं नाही. किंवा माझ्याबद्दल काहीच न सांगता नुसतं एवढं, की ओझ्यानंही अंग भरतं. तेही मला लेखामुळे माहीत होतं. लेखासाठी मी पुस्तकं चाळली होती.

मी म्हणालो, "आता आकडा आहे तो आहे, बाई."

ती रागावली नाही. म्हणाली, "हाव. आकडा कोनाचा आयकते." आणि रिकामं डालं परत करायला निघून गेली.

एवढ्यावर मी थांबलो का? नाही. त्या आठवड्याच्या बातमीपत्रात मी चार ओळी लिहिल्या. मलकापूर येथील जिनात होळीनिमित्त वजनाचा गमतीदार कार्यक्रम झाला. एका स्त्री-कामगाराचे वजन सर्वाधिक वाढल्याचे आढळले. जिनातील काम स्त्रियांच्या प्रकृतीस मानवते असे दिसते. बातमी पहिल्या पानावर आली. माझी पहिल्या पानावरची ती पहिलीच बातमी.

पुढे मी शहरात गेलो आणि एका दैनिकात बरीच वर्षं बातम्या तपासल्या. चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची, हा आमच्या टेबलाचा नियम होता. दुरुस्त्या मी लिहीत असे. नाव चुकलं, गाव चुकलं, मयताचं वय चुकलं — सगळ्यांच्या दिल्या. होळीच्या त्या चार ओळींची दिली नाही. आठवण नव्हती असं नाही. दुरुस्तीचा मजकूर मला तोंडपाठ होता. आजही आहे.

आता उरलेलं सांगतो.

पुढच्या हंगामात चंद्रभागा मुकादमीण झाली. तिनं आपल्या दोन जावा आणि एक नणंद वेचणीला बसवल्या. सुभद्राबाईला ती म्हणाली, "तू बी बस व. मागच्या साली लय फुगली, आता वाहू नको." म्हणजे तीही वेचणीला बसली. सरकी वाहायला इतर बाया गेल्या.

बसून बसून सुभद्राबाईची भूक गेली. दंड उतरले. होळीला ती पारड्यात बसली. आता दोन्ही आकडे किलोचे होते, हिशेबाची गरज नव्हती. तिचं वजन चांगलंच घटलं होतं. आकडा मीच पुकारला.

मालक खूश झाले. "पाहा, यंदा केलं हिनं काम!"

सुभद्राबाईला इतकं हसू आलं की तिला पारड्याची साखळी धरावी लागली. "मालक, औंदा तं मी सालभर बसूनच होती!" बाया हसल्या, हमाल हसले, दिवाणजी खोकेपर्यंत हसले. मालकही हसले, कारण बाई थट्टा करते आहे अशी त्यांची खात्री होती. हसता हसताच त्यांनी तिला मुकादमीण केलं. त्या वर्षीचं डालं दिवाणजींनी आणलं. त्यांची तब्येत सुधारली होती. माझा आकडा तिसरा आला. तो खरा होता.

पुढचा हंगाम सुरू झाला त्या सकाळी सुभद्राबाईनं अंगावर पिणारं मूल असलेल्या बाया सरकीवरून काढून वेचणीला बसवल्या. मी काट्यावरून पाहत होतो. त्या पाच जणी होत्या. त्याआधीचा सबंध हंगाम त्यांनी पोरं गोदामाच्या दाराशी झोळीत टाकून सरकी वाहिली होती.