वसंतरावांच्या टू-सीटरचं पाणी

आधीच सांगून टाकतो, मी देवदेवस्कीतला माणूस नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या तपासणीला आहे. भट्टीचं तापमान किती, तेलाचं किती, हे बघणं माझं काम. नवा थर्मामीटर आला तरी मी त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. एकदा बर्फात, एकदा उकळत्या पाण्यात बुडवून बघतो, मगच वापरतो. त्यामुळे या सदरात लोक लिहितात ते... पिंपळावरची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... मी वाचतो आणि पान उलटतो. तरी आज लिहायला बसलो, कारण माझ्यासमोर घडलं ते भर दुपारी, डांबरी रस्त्यावर घडलं, आणि त्याचे आकडे माझ्याकडे आहेत. उत्तर मात्र नाही.

गोष्ट माझ्या साडूंच्या गाडीची. तीन उन्हाळ्यांपूर्वीची.

वसंतराव म्हणजे माझी बायको मालती, तिच्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे यजमान. भोसरीला त्यांचं स्वतःचं वर्कशॉप, चिंचवडला बंगला. मी काळेवाडीत दोन खोल्यांत राहतो आणि स्कूटरवर फिरतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमच्याकडे एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे तिच्यावर हसायचे. वसंतराव पहिल्यांदा चाकणला, माझ्या सासुरवाडीला आले होते ते मालतीला बघायला. पसंती झाली होती. पण पत्रिकेत एकनाड निघाली आणि त्यांच्या वडिलांनी नकार कळवला. मग मालती माझ्या घरी आली. पुढे त्याच वडिलांनी कुसुमला मागणी घातली आणि तिची पत्रिका जुळली. सणाला एकत्र जेवायला बसलो की कुसुम स्वतःच म्हणायची, "नाड आडवी आली म्हणून, नाहीतर ही पुरणपोळी ताई वाढत असती यांना!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. घास मात्र सरळ खाली उतरायचा नाही.

तर ती गाडी. पन्नासच्या दशकातली, इंग्लिश बनावटीची, लाल, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. मूळचं कापडी छत काढून वसंतरावांनी पत्र्याचं बसवून घेतलं होतं. आणि सीट दोनच. मला गाडीतलं दुसरं काही खुपलं नाही, हे दोनच सीट असणं खुपलं. आम्ही चौघं असलो की दोघं गाडीत जाणार आणि दोघं गेटवर उभे राहणार, हे ठरलेलं.

एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. बॉनेट उघडं होतं.

"साडूभाऊ, हिच्यात एसी बसवायचा म्हणतोय."

"हिच्यात? अहो, आत्ताच हिच्यात बसलं की चुलीच्या कडेला बसल्यासारखं होतं. त्यात एसीचा बोजा टाकलात तर पाणी उकळेल."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. उष्णतेतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" मग बॉनेटवरची धूळ फडक्याने पुसत म्हणाले, "मालतीताईंना ऊन सोसत नाही ना. आईंना बघायला दर आठवड्याला चाकणला जातात. एसटीने जाऊन आल्या की अर्धशिशी. मी गाडीने सोडत जाईन."

मालतीची अर्धशिशी! तिच्या कपाळाला सुंठ उगाळून लावणारा मी, अंधार करून उशाशी बसणारा मी. आणि उपाय सुचला यांना, तोही एअर कंडिशन्ड.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असतं. माझ्या बायकोला जो गारवा मिळायचा तो निदान माझ्या हातचा असावा, असा मी विचार केला आणि कामाला लागलो.

काळेवाडीतच यासीनभाईंचं रेडिएटरचं गॅरेज आहे. मूळ मावळातला माणूस, तोंडाने अखंड चालू. काम असं होतं, की एसीची गरम जाळी रेडिएटरच्या पुढे बसते, त्यामुळे इंजिनाला गार हवा मिळायच्या ऐवजी तापलेली मिळते. म्हणून रेडिएटरची तीन ओळींची जाळी काढून चार ओळींची भरून घेतली. चार पात्यांचा पंखा काढून सहा पात्यांचा लावला, त्याच्याभोवती पत्र्याचं आवरण बसवलं, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जाईल. जुना डायनॅमो एसीच्या पंख्याला पुरेना, त्याच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर आला. इंजिन आणि सीट यांच्या मधल्या पत्र्याला आतून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा चिकटवला, धग आत येऊ नये म्हणून.

"साहेब, येवढी जाळी ट्रकला बी लावत न्हाई आमी," यासीनभाई म्हणाले. "गाडीला हुडहुडी भरंल."

"भरू दे. पण उकळता कामा नये."

"बायकोला माहेरी न्यायची गाडी दिसतीय."

"हो," मी म्हटलं. कोणी न्यायची ते सांगितलं नाही.

इथे एक स्पष्ट सांगतो. मनात काय चाललं होतं ते चाललं होतं, पण कामात मी तसूभर कसूर ठेवली नाही. प्रत्येक जोड स्वतः दाबाखाली तपासला.

मग चाचण्या. गाडीची डायल फॅरनहाइटची होती, मी आकडे सेंटिग्रेडमध्ये देतो. वसंतराव आणि मी भर दुपारी खंडाळ्याचा घाट चढून आलो. एसी पूर्ण चालू, बाहेर ३९, आत २४. पाण्याचं तापमान घाटमाथ्यावर ८८, सपाटीला ८४. कुसुमला घेऊन वसंतराव तळेगावला जाऊन आले, तेव्हाही ८४. यासीनभाईंनी त्यांच्या भावाला शेजारी बसवून तळवड्याच्या खडकाळ रस्त्यावर सावकाश चालवून बघितली. ८५. मला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचा रागही आला.

मग मालतीचा दिवस आला. तिने पिवळी साडी नेसली होती, आईसाठी डब्यात शिरा घेतला होता. वसंतरावांनी दार उघडून धरलं. कुसुम म्हणाली, "ताई, मजा आहे बाई तुझी!" मालतीने बसताना माझ्याकडे पाहिलं, मी हात केला. लाल गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी गेटवरच उभा होतो.

"भावोजी, आत या, चहा टाकलाय," कुसुम म्हणाली.

"येतो," म्हटलं, पण पाय हलेनात. आत्ता भोसरी आली असेल, आत्ता गार वारा तिच्या तोंडावर येत असेल, आत्ता ते काहीतरी बोलले असतील... असं सगळं डोक्यात.

दोघं परत आली ती टेम्पोच्या मागे दोरीने गाडी बांधून. मोशीच्या अलीकडे पाणी उकळलं होतं. वसंतरावांचा शर्ट घामाने चिंब, मालतीचा चेहरा उन्हाने लाल. तिने डब्यातला शिरा तसाच परत आणला होता.

"भोसरी सोडली आणि काटा जो चढायला लागला..." वसंतराव म्हणाले. "साडूभाऊ, काय राहिलं हो?"

माझ्या कामाकडे रोखलेलं ते बोट मला सहन झालं नाही. गाडी यासीनभाईंकडे नेली, सगळं उघडलं. पट्टा ठीक, पंप ठीक, नळ्या ठीक, रेडिएटरमधून पाणी धो धो वाहत होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप, गरम पाण्यात टाकून बघितला, ज्या तापमानाला उघडायला हवा त्यालाच उघडला.

यासीनभाई हात पुसत म्हणाले, "गाडीत दोष न्हाई साहेब. कुनीतरी जळतंय हिच्यावर."

गंमत म्हणून बोलले ते. पण माझे कान तापले. आपल्या भाषेत हेव्याला आणि आगीला शब्द एकच, हे मला त्या दिवसापर्यंत कधी जाणवलं नव्हतं. आणि मी तर आयुष्यभर जळणाऱ्या गोष्टींचं तापमान घेत आलेला माणूस!

पुढच्या आठवड्यात पुन्हा मालती बसली. या वेळी मी स्कूटरवर मागे निघालो, काही बिघाड झाला तर हाताशी असावं म्हणून... निदान बोललो तरी तसंच. भोसरीच्या पुढे त्यांच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. काहीतरी बोलणं झालं आणि मालतीचं डोकं हसताना मागे जातं तसं गेलं. ते हसणं मी नीट ओळखतो. माझ्या तोंडावर उन्हाच्या झळा, हेल्मेटमध्ये घाम, आणि ती दोघं २४ डिग्रीत! छातीत अक्षरशः जळत होतं. आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गेल्या खेपेच्या जागेपासून फार तर फर्लांगभर अलीकडे.

त्या संध्याकाळी कुसुमने गाडीची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या बॉनेटवरून ओवाळून शेगडीत टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या तरी कोणाला ठसका लागला नाही.

"बघा! ठसका म्हणून नाही. कोणाची तरी कडक लागलीय."

"मिरच्या जुन्या असतील," मी म्हटलं.

"परवाच आणल्यात भावोजी. कांडताना ताई आणि मी दोघी खोकून खोकून बेजार झालो."

मालती शेगडीकडे बघत राहिली, मग एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मी आता एसटीनेच जाईन. तुम्हाला नकोय ना मी त्या गाडीत बसायला?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला लागतं?"

नंतर कितीतरी दिवस आमचं कामापुरतंच बोलणं चालू होतं. चहा झाला का, दूध आलं का, बस. तोपर्यंत आमच्यात असं कधी झालं नव्हतं. मला गाडीची पर्वा उरली नाही, पण हे असंच चालू राहिलं तर माझ्या घरातलं काहीतरी कायमचं तुटेल याची भीती वाटायला लागली.

तपासणीत आमचा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी तीच, रस्ता तोच, ऊन तेच, मालती तीच. बदलायचं राहिलं होतं ते फक्त मला. मी बाहेर न राहता आत बसायचं. बाहेर जळणारा मीच नसलो, तर पाणी ८४ वर राहायला हवं. हे मी मानत होतो असं नाही. पण करून बघायला काय हरकत?

वसंतरावांकडे किल्ली मागितली. म्हटलं, "मी चालवून बघतो. मालतीला घेऊन."

त्यांनी खिशातली किल्ली मुठीत घेतली. "तुम्ही? क्लच जरा कडक आहे हो तिचा..."

"कंपनीची जीप चालवतो मी."

"हो हो. न्या ना. तुमचीच आहे." किल्ली दिली, पण ती माझ्या हातात पडेपर्यंत त्यांची मूठ उघडायला वेळ लागला. कुसुम त्या दिवशी चाकणला आईकडेच होती. गेटवर वसंतराव एकटेच.

मालती यायलाच तयार नव्हती. हात धरून नेलं तेव्हा बसली. मी एसी लावला, तिच्या बाजूची झडप तिच्याकडे वळवली. गार वारा आला तशी तिने डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात कोणाहीबद्दल काहीही नव्हतं. इतका सुखी मी लग्नातसुद्धा नव्हतो.

गेटपाशीच इंजिन तापू दिलं, काटा ८४ वर येऊन थांबला. गाडी गेटमधून बाहेर काढली, बंगल्यासमोरच्या सरळ रस्त्याला लागलो. काटा हलला. ९०... ९६... गाडी तर अजून दुसऱ्या गिअरमध्येच होती!

"पण आत्ता तर मी आत आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मालतीने डोळे उघडले. काट्याकडे पाहिलं. "हो ना," एवढंच म्हणाली.

मी आरशात बघितलं. गेट अजून दिसत होतं. वसंतराव तिथेच होते, उन्हात, उघड्या डोक्याने, दोन्ही हात गेटच्या गजांवर. मी ज्या जागी उभा राहायचो अगदी त्याच जागी.

"मागे बघू नका," मालती हलक्या आवाजात म्हणाली. "पुढे बघा."

पण पुढे काही दिसतच नव्हतं, वाफेने काच भरली होती. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. एसीचा वारा थांबला तसं ऊन आत शिरलं. आम्ही उतरून उभे राहिलो. जवळपास सावली नव्हती.

वसंतराव येताना दिसले. मला वाटलं, हातात पाण्याचा डबा असेल, स्पॅनर असेल. त्यांच्या हातात छत्री होती, काळी. जवळजवळ पळतच आले. बॉनेटमधून फसफसत वाफ येत होती, ही त्यांची एवढी लाडकी गाडी, तिच्याकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मालतीपासून दोन हातांवर थांबले, छत्री उघडली, आणि ती तिच्या डोक्यावर धरण्याऐवजी माझ्या हातात दिली.

"धरा," म्हणाले. "त्यांना ऊन सोसत नाही."

आणि मग वळून गाडीपाशी गेले.

पुढे काय व्हायचं ते झालं. एसीचं काम अर्धवट राहिलं असं लोकांना सांगून वसंतरावांनी महिन्याभरात गाडी विकली. घेणाऱ्या गृहस्थांचं मला नंतर कळलं. बायको-मुलीला आळीपाळीने बसवून ते साताऱ्यापर्यंत जाऊन येतात, एसी लावून. काटा ८४ च्या पुढे जात नाही. त्यांनी उलट निरोप धाडला, काम फार उत्तम केलंय.

मी सगळे आकडे पुन्हा पुन्हा तपासले आहेत. आमच्या खात्यातल्या इंजिनिअरांनाही विचारलं, माणसं कोण होती ते न सांगता. त्यांनी गॅसकेट म्हटलं, एअर लॉक म्हटलं. पण मग घाटात का नाही? कुसुम बसली तेव्हा का नाही? याला त्यांच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर मला खरंच हवं आहे.

मालती आता माझ्या स्कूटरवर मागे बसून चाकणला जाते, डोक्यावरून पदर घेऊन. अर्धशिशी होते तेव्हा होते. सणाला आम्ही चौघं अजूनही एकत्र जेवतो. कुसुम तिचा तो पुरणपोळीचा विनोद करते. सगळे हसतात. मी मात्र आता पानाकडे न बघता वसंतरावांकडे बघतो. तेही हसत असतात, आणि त्यांचा घास हातातच असतो.