गच्चीवरचं ऊन

एप्रिलमधल्या एका दुपारी लोधीपुऱ्यातल्या माझ्या शेजारच्या काकांच्या गच्चीवर वीज अचानक कमी तयार होऊ लागली. हे त्यांना मोबाईलवर कळलं. सरकारी सबसिडी घेऊन सोलर बसवल्यापासून ते सारखे मोबाईल बघतात, आणि कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतात. "फुकट फिरून राहिला, भाऊ," एवढंच म्हणतात.

आम्ही दोघं वर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, पुढच्या रांगेतल्या पॅनेलांवर जुनं धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या तिथंच उभ्या होत्या.

"अगं, ही मशीन आहे."

"मग वाळवण कुठं घालू? सगळं ऊन तर तुमच्या मशीननंच घेतलं."

काका कुरडया वाळेपर्यंत कावळे हाकलत तिथंच बसले. मग मिस्त्रीला बोलावून ती रांग जिन्याच्या छतावर हलवायला सांगितली.

"काका, तिथं टाकीची सावली पडते. बिजली कमी बनेल," मिस्त्री म्हणाला.

"बनू दे."

रांग हलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या जागेत काकूंनी पापड घातले.